मॉडेमखालची पेटी

आमच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या तिवईवर, इंटरनेटचा मॉडेम ठेवलेला आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर चार बारीक हिरवे दिवे आहेत. चारही स्थिर असले की सारे ठीक असते. ते एकदम विझले की पुन्हा एकेक करून लागेपर्यंत वाट पाहण्यावाचून काही करता येत नाही. गेला संपूर्ण उन्हाळा मी त्या दिव्यांकडे पाहत काढला. मला लिहिण्याची सवय नाही. महाविद्यालयात इतिहास शिकवताना इतरांनी लिहिलेलेच समजावून सांगत आले. उतारवयात स्वतः काही लिहायला घ्यावे आणि पहिला विषय एका प्लास्टिकच्या खोक्याचा निघावा, याचा संकोच वाटतो. पण त्या खोक्यावर आमच्या घरातल्या एका माणसाचे बोलणे अवलंबून होते.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी चहा घेताना माझ्या पतींच्या हातून कप निसटला; अर्धांगाचा झटका होता. उजवा हात आणि पाय काही आठवड्यांत थोडेफार परतले. वाचा परतली नाही. समजत सगळे होते. वर्तमानपत्र समोर धरले की मथळ्यांवरून नजर फिरे, एखादी बातमी पटली नाही तर कपाळावर आठी पडे. मात्र तोंडून एकच शब्द येई, ‘मग’. भूक लागली तरी ‘मग’, जेवण नको असले तरी ‘मग’, पंख्याचा वारा सोसत नसला तरी ‘मग’. स्वर तेवढा बदले, आणि त्या स्वरावरून मी अर्थ लावत असे. पुष्कळदा चुकीचा लावत असे.

रुग्णालयातल्या वाचा-उपचारांच्या बाई मनापासून शिकवीत, परंतु त्यांचे शिकवणे हिंदीतून होते. हे मूळचे सांगलीचे. तरुणपणी इथे भोपाळला, विजेची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता म्हणून आले आणि सारी नोकरी हिंदीत केली. कामगारांशी बोलताना त्यांच्या हिंदीला भोपाळचा असा लहेजा चढे की बाजारात कुणी त्यांना मराठी समजत नसे. ती हिंदी आता कुठेच उरली नव्हती. बाई ‘पानी’ म्हणाल्या की हे तिऱ्हाइतासारखे पाहत. मी शेजारून हळूच ‘पाणी’ म्हटले की ओठ हलत. काही माणसांच्या बाबतीत लहानपणची भाषा तेवढी मागे राहते, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा मराठीतून शिकवणारे कुणी शोधणे आले. भोपाळमध्ये मराठी घरे पुष्कळ आहेत. नेहरू नगरातच आमच्या गल्लीत तीन असतील. पण असे शिक्षण घेतलेले, मराठी बोलणारे माणूस काही मिळाले नाही. अखेर बंगळूरला असलेल्या आमच्या मुलाने पुण्याच्या एक ताई शोधल्या. त्या संगणकाच्या पडद्यावरून शिकवत असत. आठवड्यातल्या दोन दुपारी त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवल्या.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “काकू, जे यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं. नंतर फार हळू होतं सगळं. त्यामुळे खाडे करायचे नाहीत.”

मी मान डोलावली. खाडे करण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हाला दुसरे काम तरी काय होते.

पडद्यावरचे शिक्षण नीट व्हावे म्हणून मुलाने जास्त वेगाची जोडणी घेतली. तिच्यासाठी केबल कंपनीचा माणूस नवा मॉडेम घेऊन आला. इथे त्या पेटीविषयी सांगितले पाहिजे.

माझ्या पतींनी बाजारातून आणलेली कोणतीही वस्तू जशीच्या तशी कधी वापरली नाही. त्यांच्या कारखान्याच्या वसाहतीत हे घरोघरी चाले. कुणी कूलरच्या पंपाला स्वतःच्या डोक्याने बटण बसवले होते, कुणाच्या दारावरची घंटा गिरणीच्या भोंग्यासारखी वाजे, आणि एकमेकांकडे चहाला गेले की आधी ती करामत पाहावी लागे. ह्यांनी निवृत्तीनंतर पत्र्याची एक चपटी पेटी तयार केली. तिच्यात जुनी बॅटरी आणि बाकी पुष्कळ काही होते. मॉडेमची पिन भिंतीऐवजी या पेटीत जाई आणि वीज गेली तरी मॉडेम चालू राही. आमच्याकडे वीज जाणे नवे नाही, त्यामुळे त्या पेटीचे कौतुक वर्षानुवर्षे झाले. बाबांनी केलेली वस्तू बिघडत नाही, असे मुलगा लहानपणापासून म्हणे, आणि मीही ते म्हणत आले. मिक्सर बिघडला, दूरचित्रवाणी संच बिघडला, पेटी कधी बिघडली नाही.

कंपनीच्या माणसाने नव्या मॉडेमच्या खोक्यातून त्याचा स्वतःचा अडॅप्टर काढला, तेव्हा मी त्याला थांबवले. कुणाला थांबवणे हे माझ्या स्वभावात नाही, पण ह्यांच्यासमोर ह्यांची पेटी बाजूला सारली जावी, हे मला सहन झाले नसते. त्या दिवसांत त्यांच्याजवळ दुसरे काय राहिले होते? मी म्हटले, याला आमच्याकडे वेगळी सोय आहे. त्या माणसाने पेटी उचलून पाहिली, पिन लावून पाहिली, ती बसली. “अंकल ने बनाया? आजकल कौन बनाता है,” तो म्हणाला. हे आरामखुर्चीत होते. त्यांनी डावा हात उचलला, डोके हलवले आणि ‘मग, मग’ असे काहीतरी घाईने म्हटले. आम्हा दोघांनाही तो विनय वाटला. मी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली. अडॅप्टर खोक्यासकट साइडबोर्डच्या खणात गेला.

पहिले काही आठवडे ठीक गेले. ताई चित्रे दाखवीत आणि शब्दाचे पहिले अक्षर सुचवीत. हे ओठांची जुळवाजुळव करीत. एकदा ‘गाय’ आली. एकदा ताईंच्या मागून एक ते पाच अंक आले, ते गाण्यासारखे, आपोआप आले. ताई म्हणाल्या की हे चांगले लक्षण आहे. मी ते मुलाला कळवले आणि त्याने मला ते दोनदा सांगायला लावले.

होळीनंतर ऊन चढू लागले आणि दिवे विझू लागले. शिकवणे सुरू होऊन थोडा वेळ झाला की ताईंचा चेहरा पडद्यावर थिजे. तिवईवर पाहावे तो चारही दिवे गेलेले. मग पहिला लागे, दुसरा लागे, तिसरा बराच वेळ उघडमीट करी, आणि चौथा लागेपर्यंत ह्यांचे डोके एका बाजूला कललेले असे. थकवा त्यांना फार लवकर येई. एका बैठकीत असे दोनदा झाले की पुढे काही होत नसे.

मी तक्रार नोंदवली. फोनवरचा ध्वनिमुद्रित आवाज सांगे की मॉडेम बंद करा आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू करा. तसे केल्यावर तो काही काळ खरोखरच नीट चाले, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा वाटे. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कंपनीचा माणूस आला की आधी गच्चीवर जाई. आमच्या भागात शेजारच्या कोटरा वस्तीच्या बाजूने माकडांच्या टोळ्या येतात आणि खांबावरच्या केबलींना लोंबकळतात. “बंदरों का काम है, आंटी,” तो म्हणाला आणि खांबावरचा जोड बदलून गेला. पुढच्या वेळी त्याने केबलच्या टोकाचा पितळी कनेक्टर बदलला. त्यापुढच्या वेळी मीटर लावून सिग्नल पाहिला आणि तो उत्तम असल्याचे मला दाखवले. मग मॉडेमच बदलला. नवा मॉडेम पुन्हा त्याच पेटीला जोडला गेला. पेटीविषयी त्याने विचारलेही होते, कारण ती आता त्याच्या ओळखीची झाली होती. मी म्हटले, ती ठीक आहे, तिचे काही नाही. त्याने मान डोलावली.

काम झाले की कंपनीकडून माझ्या मोबाइलवर एक सांकेतिक आकडा येई. तो मी त्या माणसाला सांगितला की तक्रार मिटली असे धरले जाई. तो समोर उभा असताना दिवे स्थिर असत. घाम पुसत, गच्ची उतरून आलेल्या माणसाला, मला तुमचा भरवसा वाटत नाही, असे कसे म्हणायचे? मी आकडा सांगत असे, वर पन्हे देत असे. दोन दिवसांनी तक्रार पुन्हा पहिल्यापासून नोंदवावी लागे, कारण त्यांच्या लेखी आधीची मिटलेली असे.

“आई, तू परत ओटीपी दिलास?” मुलगा फोनवर विचारी. “परीक्षेला न बसलेल्या पोरांनासुद्धा तू पास करायचीस, तसंच हे.”

मी म्हणे, “अरे, तो बिचारा उन्हातून आला होता.”

“आणि बाबा? बाबा कशातून आलेत?”

पेटीबद्दल त्यानेही एकदा विचारले होते. मी सांगितले की बाबांची पेटी जशीच्या तशी आहे, तेव्हा तो म्हणाला, मग तिकडे बघायला नको.

एक दुपार मला सगळ्यात जास्त आठवते. मे महिना लागला होता. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला होता तरी खोली तापलेली होती. ताईंनी पाण्याच्या पेल्याचे चित्र दाखवले. “काका, तहान लागली की काय मागता? पा…” आणि त्यांचा चेहरा तसाच थिजला, ओठ ‘पा’ म्हणून उघडे राहिलेले. मी तिवईकडे पाहिले. चारही दिवे गेले होते. मी उठणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. खरखरीत, पण स्पष्ट.

“पाणी.”

हे पडद्याकडे पाहत होते. तो चेहरा थांबलेला आहे हे त्यांना कळले नसावे, किंवा कळूनही त्यांनी त्यालाच उत्तर दिले असावे. त्यांनी पुन्हा म्हटले, पाणी. आणि ताईंनी शाबासकी द्यावी म्हणून वाट पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात कधी पाहिला नव्हता. मी म्हटले, “अहो, आलं! आलं तुम्हाला.” त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले नाही. ते पडद्याकडेच पाहत राहिले. दिवे एकेक करून लागले. ताई हलू लागल्या तेव्हा बराच वेळ गेला होता.

मी घाईघाईने सांगितले. ताईंचा चेहरा उजळला. “हो? काका, मला ऐकू आलं नाही हो. परत एकदा म्हणता?”

त्यांनी प्रयत्न केला. मान पुढे गेली, ओठ मिटले, गळ्याच्या शिरा ताणल्या. “मग,” ते म्हणाले. पुन्हा “मग”. तिसऱ्या वेळी आवाजही आला नाही. ताई म्हणाल्या, काही हरकत नाही, तुम्ही सांगताय म्हणजे म्हटलंच असेल. त्या अतिशय सौजन्याने बोलत होत्या, आणि त्या सौजन्यावरून मला कळले की त्यांची खात्री पटलेली नाही. रुग्णांच्या नातेवाइकांना असे पुष्कळ ऐकू येत असणार. बैठक संपल्यावर मी पेला भरून आणला, कारण काही झाले तरी त्यांनी पाणी मागितले होते. त्यांनी पेला हातात घेतला नाही.

त्यानंतरच्या बैठकीत दिवे विझले तेव्हा मी नेहमीप्रमाणे बसून राहिले. हे उठले. काठी न घेता, भिंतीला धरून, उजवा पाय ओढत ते तिवईकडे निघाले. मी धावले. “अहो, राहू द्या, पडाल,” असे म्हणत त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात झटकला. आजारापूर्वीही त्यांनी कधी माझा हात झटकला नव्हता. तिवईपाशी पोचून त्यांनी डाव्या हाताने मॉडेमची पिन पेटीतून उपटली, आणि पेटी उचलून माझ्या दोन्ही हातांत ठेवली.

ती इतकी तापली होती की मला ती धरवेना.

मी ती पदरात घेतली आणि त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी साइडबोर्डकडे बोट केले. मी खण उघडला, खोके काढले, आतला अडॅप्टर काढला. भिंतीत लावला. दिवे लागले, चारही, आणि लागलेले राहिले.

“म्हणजे इतके दिवस हीच?” मी विचारले.

“मग,” ते म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले.

नंतर मी पेटी उघडून तिचे फोटो पाठवले, ते पाहून मुलाने फोनवर समजावून सांगितले. पेटी जुन्या मॉडेमच्या मापाने बनवलेली होती. नवा मॉडेम जास्त वीज ओढतो, चित्रासकट बोलणे चालू असले की आणखीच, त्यामुळे पेटी तापे. अमुक एवढी तापली की ती आपण होऊन बंद पडावी आणि निवली की पुन्हा चालू व्हावी, अशी व्यवस्था बाबांनीच तिच्यात करून ठेवली होती, घराला आग लागू नये म्हणून. म्हणजे पेटी बिघडलेली नव्हतीच. ती सांगितलेले काम चोख करीत होती. तोवर ही गोष्ट आमच्यापैकी फक्त एकाच माणसाला माहीत होती. तो माणूस पहिल्या दिवसापासून खुर्चीतून हात उचलून ते सांगत होता, आणि मी त्याच्या पायांवर शाल घालत होते.

जूनपासून एकही बैठक तुटली नाही. पडद्यावर ताईंच्या कानातले मोतीसुद्धा दिसू लागले. त्यांच्या घरामागून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी ऐकू येई. पण ‘गाय’ पुन्हा आली नाही, ‘पाणी’ आले नाही, अंकही तिनापाशी अडू लागले. हे चित्राकडे पाहत, ओठ जुळवत, आणि मग हळूच खिडकीकडे पाहू लागत. ताईंनी चित्रे बदलली, वेळ कमी केला, एकदा ह्यांच्या आवडीचे नाट्यगीत लावून पाहिले. ह्यांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर ताल धरला. शब्द काही आले नाहीत.

पावसाळा सरता सरता ताई म्हणाल्या, “काकू, मी काकांसमोरच बोलते, त्यांना सगळं समजतंय. गेले तीन महिने आपण होतो तिथेच आहोत.”

मी विचारले, उन्हाळ्यात ते सारखे तुटत होते, तसे तुटले नसते तर?

मला वाटले, पुन्हा चित्र थांबले. पण त्यांच्या पापण्या हलत होत्या. “ते सांगता येत नाही, काकू. कदाचित एवढंच यायचं होतं. तसं धरून चालू या आपण.” मग त्यांनी सांगितले की त्यांच्याकडे एक नवे गृहस्थ आले आहेत, झटका येऊन महिनाही झालेला नाही. आमच्या दोन्ही दुपारी त्या त्यांना देऊ इच्छितात. आमच्याशी महिन्यातून एकदा बोलत जातील. मी म्हटले, अवश्य, त्यांना आधी गरज आहे. असे म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

ताईंचे ते बोलणे पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत आमच्या खोलीत स्वच्छ ऐकू आले. एक अक्षरही गळले नाही. त्या नमस्कार करून दिसेनाशा झाल्यावर ह्यांनीच डाव्या हाताने लॅपटॉपचे झाकण लावले.

हल्ली दुपारचे जेवण झाले की हे पेटी मागतात. म्हणजे तिच्याकडे बोट करतात. ती अजून तिवईखालीच असते, टाकायला कुणाला सुचलेले नाही. मी ती त्यांच्या मांडीवर ठेवते आणि दोन्ही हातांनी घट्ट धरते. ते डाव्या हाताने स्क्रू काढतात. झाकण उघडले की आतल्या एका भागावर बोट ठेवतात. तो काळा, चौकोनी, बोटाच्या पेराएवढा आहे आणि त्याला पत्र्याचा पंख बसवलेला आहे. ते माझ्याकडे पाहतात. याला काय म्हणतात ते त्यांना म्हणायचे असते, किंवा मी म्हणावे असे वाटत असते. मी पहिले अक्षर सुचवले तर कदाचित पुढचे येईल. पण मला ते अक्षर माहीत नाही. ताईंच्या चित्रांत कप होता, गाय होती, छत्री होती, हे नव्हते. मुलाला विचारून घ्यावे असे दर वेळी मनात येते. विचारले आणि तरीही शब्द आला नाही तर, या विचाराने मी विचारलेले नाही.

थोड्या वेळाने ते बोट काढतात. मी झाकण धरते, ते स्क्रू बसवतात. शेवटच्या स्क्रूपर्यंत त्यांचा हात थकलेला असतो, तेव्हा तो स्क्रू मी पिळते. पेटी खाली ठेवते. तिवईवर चारही दिवे लागलेले असतात.